वाळलेल्या चुन्याला पाणी

दुकानाचा बोर्ड लावायला बोर्डवाल्याने कमानीच्या दगडात भोक पाडलं आणि खालून आवाज आला, “हात आवरा. बापाने घडवलाय का तुमच्या?”

त्याने वाकून पाहिलं. कोपरापर्यंत चुन्याने माखलेली एक मुलगी शिडीला धरून उभी होती. त्या जुन्या बाजारपेठेच्या इमारतीची डागडुजी ती आणि तिची आत्या करत होत्या. बाजारात आता पैसा आला होता, आणि पैसा आला की जुनं डोळ्यांत खुपतं. एकेका कमानीत एकेक दुकान शिरलेलं.

“मग बोर्ड काय हवेत लटकवू?”

“सांध्यात पाडा भोक. चुना पुन्हा भरता येतो, दगड उगवत नाही.”

“पण मालकाला बोर्ड मधोमध हवाय... कमानीवर कोरलेल्या त्या दगडी पोपटावर.”

“पोपटाला विचारलंत?”

तो हसला. ती नाही हसली. नुसता ओठ दाबला.

भोक तिने बुजवलं. ओला चुना रोज भिजवावा लागतो, नाहीतर तडकतो. “ज्याने भोक पाडलं, त्यानेच पाणी घालायचं,” आत्याने फर्मान काढलं. आत्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नाही. तो रोज सकाळी तांब्या घेऊन शिडी चढू लागला. शिडी ती धरायची.

“शिडी हलतेय.”

“शिडी जागच्या जागी आहे. तुम्ही हलताय.”

शेवटी बोर्ड लागला तो अरुंद, पोपटाच्या पायाखाली, सांध्यांत पक्का. मालकाने तोंड वाकडं केलं आणि पुढच्या दुकानाचं काम दुसऱ्याला दिलं. बोर्डवाल्याने तिला हे सांगितलं नाही. पण बाजारातली बातमी आत्याकडे आधी पोचते, आणि आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

काम संपलं, बांबू उतरले. तरी हा तांब्या घेऊन हजर.

“चुना कधीच वाळला,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग पाणी कशाला?”

“पाण्यासाठी येत नाही मी...”

ती पोपटाकडे बघत राहिली. पोपट काय बोलणार.

“काम गेलं ते सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही उपकार म्हणून हसला असता.”

आता ती हसली. उपकार म्हणून नव्हे.

“उद्यापासून जुन्या गिरणीचं काम आहे,” ती म्हणाली. “तिथे कुणी भोक पाडलेलं नाही.”

“मग मी कुठल्या निमित्ताने येऊ?”

“निमित्त आत्याला लागतं... मला नाही.”

आणि शिडीचं एक टोक उचलून तिने खांद्यावर घेतलं. दुसरं त्याच्यासाठी तसंच जमिनीवर ठेवलं.