पातळ तेल

जुनी बुलेट कुणाचीही असो, तिच्यात कोणतं तेल घालायचं हे विचारायला अकोल्यातले लोक जठारपेठेत धर्मपालच्या गॅरेजवरच येत. त्याचं उत्तर ठरलेलं. "वीस-पन्नास नंबरचं जाड तेलच घाला. आपल्याकडच्या उन्हात पातळ तेल चालत नाई, इंजन जाम होते."

मार्चमधल्या एका दुपारी रागिणी अमरावतीहून, राजापेठेतून, टेम्पोत बुलेट घालून आली. नंबर वाचायच्या आधीच धर्मपालने गाडी ओळखली. तिचे वडील, खुशालराव मास्तर, चार वर्षांपूर्वी हिच्यावरूनच पडून वारले होते.

"काका, तेल बदलून द्या. बाबा तुमच्याशिवाय कोणाले हात लावू देत नव्हते."

धर्मपालने मान खाली घातली आणि इंजिनाखालचा बोल्ट खोलला. घमेल्यात पडलं ते पाण्यासारखं पातळ, काळं तेल. त्याने नवा डबा फोडला, मधासारखं जाड वीस-पन्नास स्वतःच्या हाताने ओतलं, दोन किका मारल्या आणि तेल मोजायची कांडी बाहेर काढली. कांडीवरून काळं पाणी ओघळलं.

जुनं राहिलं असेल, असं त्याने मनाला समजावलं. सगळं काढून पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्या डब्यालाही तेच. डब्याच्या तळाशी उरलेलं मात्र जाडच होतं.

"काहून काका, काई बिघडलं काय?"

त्याने कांडी पुसून बाजूला ठेवली. चार वर्षांपूर्वीच्या त्या मे महिन्यात मास्तर तेल बदलायला आले, तेव्हा वीस-पन्नास संपलं होतं. तेलाचं दुकान चार पावलांवर होतं, पण त्याला लग्नाला जायची घाई होती. त्याने स्कूटरचं उरलंसुरलं पातळ तेल घातलं. मास्तरांनी विचारलंही, "बरोबर घातलं ना, धर्मपाल?"

"तेच हाय, सर," तो म्हणाला होता.

दर्यापूरजवळ इंजिनासकट चाक जाम झालं. कुत्रं आडवं आलं असेल, असं लोक म्हणाले. त्यानेही तेच म्हटलं आणि तेरवीच्या पंगतीत पोटभर जेवला.

"कुत्रं नव्हतं, पोरी," तो म्हणाला. "मी पातळ तेल टाकलं होतं. तुह्या बापाशी खोटं बोललो. तेच अजून निघून राहिलं या इंजनातून."

रागिणीने वाकून इंजिनावर हात ठेवला.

"पण हे ते इंजन नोहे, काका. ते भंगारात गेलं. हे मागच्या महिन्यात दुसरं बसवलं."

त्याने आतलं काळं तेल पुन्हा काढलं, बोल्ट लावला आणि तिने चौथा डबा उचलला. स्वतः ओतला. त्याने बोल्ट सैल केला.

जाड, सोनेरी धार पडली.

दोघंही त्याच्या हातांकडे पाहत राहिले.

तिने गाडी परत टेम्पोत चढवली आणि गेली.

आता धर्मपाल डबा गिऱ्हाइकाच्याच हातात देतो. हात थरथरतो, असं सांगतो. खाली बघूनच सांगतो.

गेल्या रविवारी बायकोला, ज्योत्स्नाला, ताप होता. भाजी करावी म्हणून त्याने कढईत शेंगदाण्याचं तेल ओतलं.

ते काळं होतं. पातळ होतं.

आणि गॅस अजून पेटवलेला नव्हता, तरी चालत्या इंजिनातून आत्ताच काढल्यासारखी त्यातून वाफ निघत होती.