मोकळी पिन

तळ्याच्या धास्तीने टॅम्सिनला झोप लागत नव्हती. मागचं दार उघडलं की उतार, आणि उतार संपला की सफरचंदांच्या बागेचं तळं. चार वर्षांची ईडी झोपेत चालायची. नवरा लॅकलन रात्रपाळीला, खाडीतल्या सामन माशांच्या जाळ्यांवर. म्हणून टॅम्सिनने तळहाताएवढा एक संगणक आणला. त्याच्या एका पिनेपासून मागच्या दाराच्या चुंबकी बटणापर्यंत तार नेली, दुसरीपासून रिले नावाच्या विजेच्या खटक्यामार्फत आपल्या उशाच्या दिव्यापर्यंत. दार उघडलं की दिवा लागणार. इतर आया अंगाई गातात, आपण तारा सोलत बसतो, असं तिच्या मनात आलंच.

ही गोष्ट तिचा मामा डेस सांगतो. ह्यूअनच्या खोऱ्यात, अंधार पडल्यावर, शेकोटीशी जमलेल्या पोरांना. भाचीचं नावही तो बदलत नाही.

दिवा लागायला लागला. रोज. दार मात्र बंद, वरची कडी घातलेली, ईडी अंथरुणात. टॅम्सिनचा संशय आधी लॅकलनवर गेला. हा बोटीवरून फोनने दिवा लावून बघतोय, आपण पोरीकडे लक्ष देतोय की नाही ते. तिने विचारलं, तर म्हणाला, "बाई, मी इथे जाळ्यांवर येणारे सील हाकलू की तुझा दिवा लावू?" ती हसली नाही. त्या रात्री तिने घरातलं वायफायच बंद केलं.

दिवा लागला.

मग संशय स्वतःवर. जूनमधल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका शुक्रवारी दुपारी ती ईडीला घेऊन डेसकडे जोडणी दाखवायला गेली. जोडणीचा फोटो बघून डेसने कपाळाला हात लावला. "इंजिनियर ना गं तू? पिन मोकळी सोडलीयेस. मोकळी पिन हवेतलं येईल ते पकडते. रेझिस्टर लावून बांधून टाक तिला ग्राउंडला, म्हणजे शून्यावर राहील."

तिने बांधली. पिनेवरून हात फिरवून पाहिला. दिवा गप्प. स्वतःच्या वेंधळेपणावर ती जरा हसलीसुद्धा.

रात्री दीडच्या सुमारास दिवा लागला.

ती मागच्या दाराशी गेली. कडी जागेवर. बाहेर दहिवर पडलेलं, वारा नाही. दिवा विझला. ती तिथेच थांबली, दारावर तळवा टेकून.

दार हललं नाही.

पलीकडच्या खोलीत, तिच्या उशाशी, दिवा लागला.

"कोण आहे?" तिने दाराला कान लावला.

"लॅकलन?"

बटणच खराब असणार. नाहीतर आपलं डोकं. ती तरातरा परत गेली आणि दाराकडून आलेली तार पिनेतून उपसून काढली. अंधार. किती दिवसांनी असा सलग, निवांत अंधार. उद्या नवं बटण आणू, म्हणत ती आडवी झाली, आणि झोपली.

जाग आली ती गारठ्याने.

दिवा बंद. लागणार कसा?

मागचं दार सताड उघडं. कडी निघालेली. ईडीचा हात तिथवर पोचत नाही.

टॅम्सिन तळ्याकडे धावणार होती. आधी खोलीत डोकावली.

ईडी होती. कोरडी. भिंतीला चिकटून, अंग चोरून, कुणाला जागा करून दिल्यासारखी.

गादीचा उरलेला अर्धा भाग ओलाचिंब. वर शेवाळाचा धागा. उशीला खळगा... लहानसा.

"ईडी..."

ईडीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल ना, आई. तिला आत्ताच झोप लागलीये."