दहा नंबरचे दोनशे जोड

"हा बूट बालवाडीतल्या मुलाचा," असं म्हणत त्यानं होडीएवढा बूट माझ्या टेबलावर ठेवला. "मूल सर्कशीत आहे का?"

मला खुदकन हसू आलं. या बुटांच्या कारखान्यात डेटाबेस मी सांभाळते. खाली कटिंगला आलेला हा नवा कारागीर मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. केसांत चामड्याचं कातरण, आणि डोळे... जाऊ दे!

ऑर्डर उघडली. मागितला होता मुलांचा दहा नंबर, कापला गेला मोठ्यांचा दहा. असे दोनशे जोड!

"यादीत नुसता दहा होता," तो म्हणाला. "खोक्यांवर बालवाडीचं नाव पाहिलं, तेव्हा कळलं. मालक म्हणतात, चूक माझी... उद्यापासून येऊ नका."

मुलांचं माप आणि मोठ्यांचं माप असे दोन वेगळे प्रकार डेटाबेसमध्ये मीच बनवले होते. आणि सारखी एरर नको, म्हणून एकाचं दुसऱ्यात आपोआप रूपांतर करायची सूटही मीच देऊन ठेवली होती! त्या सुटीतूनच मुलांचा दहा गुपचूप मोठ्यांचा दहा होऊन यादीत गेला होता.

मालक म्हणजे माझा सख्खा मामा. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण हा गेला असता, तर मला जेवण गेलं नसतं. दहा मिनिटांच्या ओळखीत, बघा!

तशीच उठले, मामाच्या केबिनमध्ये गेले. "मामा, चूक माझी आहे. त्या नव्या कारागिरानं यादीत आलं तेच कापलं."

"लाडावून ठेवलीय तुला!" मामा कडाडला. मग जरा थांबून म्हणाला, "आजच्या आज दुरुस्त कर. त्याला म्हणावं, राहा."

संध्याकाळपर्यंत मी ती सूट काढून टाकली. आता रूपांतर हवं असेल तर तसं लिहून मागायचं, नाहीतर डेटाबेस सरळ नकार देणार. तो शेजारी स्टुलावर बसून नव्या याद्या तपासत होता.

"कशाला सांगितलंत मामांना?"

"तुम्ही गेला असतात म्हणून."

"गेलो असतो तर... काय बिघडलं असतं?"

चावट माणूस! माझे कान तापले. "माझं बिघडलं असतं. आवडता तुम्ही मला. झालं समाधान?"

तो हळूच म्हणाला, "तीन आठवडे वर यायला निमित्त शोधत होतो — मिळालं ते नोकरी गेल्याचं! उद्या निमित्ताशिवाय आलो तर चालेल?"

"या की," मी म्हटलं. हातातली यादी त्यानं उलटी धरली होती, ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.