गुलाबी-हिरव्या रेघांचं दुखणं

भाविका आणि विपुल यांच्या लग्नाची पत्रिका छापून झाली, आणि सवयीने तिच्या कोपऱ्यात दुकानाचा मोबाईल नंबर पडला. हे वाक्य चुकून आधी पडलं; ते वाचलंच नाही असं समजा. असं काही अजून घडलेलंच नाही. घडलं ते एवढंच, की रेवदंड्यात कोंडाजीकाका हिरवे पडले.

पडले म्हणजे पडद्यावर. बंदराच्या वाटेवर भाविकाचं बॅनर आणि पत्रिकांचं दुकान. तिच्या बारा वर्षांच्या कॉम्प्युटरवर गावातल्या या काकांच्या साठीचा बॅनर चालला होता, तेवढ्यात पडदाभर गुलाबी-हिरव्या रेघा उमटल्या आणि काकांचा चेहरा कैरीसारखा झाला. फोन केल्यावर मुरुडहून एसटीने दुरुस्तीवाला आला, विपुल. खांद्याला पिशवी, केसांत काशीदचा वारा... आणि आवाज इतका शांत, की भाविकाने उगाचच ओढणी सारखी केली.

"कधीपासून होतंय?"

"काका साठ वर्षांचे झाल्यापासून."

"प्रिंट कशी येते?"

"छान. नेहमीसारखे सावळे."

"मग दोष काकांत नाही. ग्राफिक्स कार्डात आहे."

त्याने खोकं उघडून कार्ड अलगद उपसलं. कार्डाच्या सोनेरी दातांवर खाऱ्या हवेची काजळी बसली होती. खिशातून शाळेतला खोडरबर काढून तो ते दात घासू लागला – इतका जपून, की भाविकाला त्या कार्डाचा किंचित हेवा वाटला.

"वायर, पंखा, चिप थंड ठेवायची पेस्ट... सगळं आजच बदला ना."

"नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही."

गुण खोडरबरानेच आला. कार्ड ठणठणीत झालं, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

पाच दिवस भाविकाने रेघांची वाट पाहिली. आल्या नाहीत. सहाव्या दिवशी तिने त्या स्वतः काढल्या. एकेक रेघ मापून पडदाभर चित्र केलं, लावलं आणि फोन उचलला.

विपुलने वायर बदलली. तो चहाकडे वळताच तिने चित्र काढून टाकलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा रेघा. त्याने पंखा बदलला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पेस्ट.

"तुमच्याकडचा चहा खारट लागतो," तो म्हणाला.

"मग कप रिकामा कसा होतो?"

"खात्री करून घेतो."

अखेर भाविकाचे वडील अंबाजी, होडीवरून थेट दुकानात आलेले, पडद्यावर पुन्हा रेघा पाहून वैतागले. "बाय, बास झालं. त्यो डबा भंगारात दे. उद्या अलिबागवरना नवा आनतो. वॉरंटीवाला. तीन वर्सं रिपेरीला कुनी यायला नको."

तीन वर्षं. खरं सांगावं तर हसं होणार, न सांगावं तर हा माणूस तीन वर्षं दिसणार नाही. तिने लगेच फोन लावला.

दुपारी विपुल आला. पिशवी उघडणार, तोच ती म्हणाली, "थांबा. कार्ड चांगलंय. रेघा... मी काढते."

"माहीत आहे."

त्याने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. रेघांखाली बारीक अक्षरांत होतं – डिझाइन: भाविका आर्ट्स. पुढे मोबाईल नंबर. हाताची सवय.

"कधी दिसलं हे?"

"दुसऱ्याच खेपेला."

"आणि तरी पंखा बदललात?"

"पंख्याची एक खेप झाली. पेस्टची एक." तो खोडरबर बोटांत फिरवत राहिला. "येताना डावीकडची खिडकी मिळाली, की सगळ्या वाटेने समुद्र दिसतो... आणि शेवटी तुम्ही दिसता."

भाविकाने पडद्याकडे पाहिलं. पडदाही गुलाबीच होता.

"आता बदलायचं काय उरलं?" त्याने विचारलं.

"'तुम्ही'," ती म्हणाली. "ते काढून बघा."

"काढलं. चालतंय का बघ."

चालत होतं. फक्त कान थोडे तापले होते.

दारातून आवाज आला. अंबाजी टोपली घेऊन कधीचे उभे होते. "म्हंजे डबा चांगला हाय?"

"हो बाबा."

"आनि ह्यो पोऱ्या?"

"एका वेळी एकच, बाबा."

सोमवारी मुरुडच्या आगारात एक अर्ज पोचला. सुबक टाइप केलेला, भोवती गुलाबी-हिरवी चौकट, कोपऱ्यात मोबाईल नंबर:

"मा. आगारप्रमुख यांस सविनय सादर. मुरुड–रेवदंडा गाडीतील डावीकडची एक खिडकी रेवदंड्यातील ग्राफिक्स कार्डाच्या दुरुस्तीसाठी कायमस्वरूपी राखीव ठेवण्यात यावी. सदर कार्ड बिघडलेले नाही व बिघडण्याची शक्यताही नाही, याची कृपया नोंद घ्यावी, ही विनंती."