कालव्याजवळची अकरा मिनिटं

डिलिव्हरीच्या गाड्या कुठे आणि किती वेळ थांबतात, हे डोळ्यांत तेल घालून बघणं हेच तिचं काम. गोदामाच्या वरच्या खोलीत बसून दिवसभर गाड्यांचे थांबे, दारं, सीट, पट्टे यांच्या नोंदी चाळायच्या. जे पडद्यावर दिसत नाही ते घडलंच नाही, असा बाईंचा खाक्या! आणि नेमकी तिच्याच धाकट्या भावाची गाडी पकडली गेली.

रोज कालव्याकडेच्या रस्त्यावर अकरा मिनिटं थांबा. तिथे ना घर, ना दुकान, ना सावलीला एखादं झाड.

"माल उतरवतोय कुणाला तरी," साहेब म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत कारण दाखवा, नाहीतर त्याला घरी बसवतो."

भाऊ रडवेला झाला. "ताई, आईशप्पथ, मी तिथे थांबतच नाही गं!"

"गप रे. उद्या मीच येते तुझ्याबरोबर."

सकाळी ती त्याच्या शेजारी बसली. पट्टा लावला, घड्याळावर नजर ठेवली. कालवा आला. पाणी हिरवं, जागचं न हलणारं. शेवाळाचा ओलसर वास खिडकीतून आत आला आणि गेला. गाडी थांबली नाही, साधी हळूसुद्धा झाली नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"यंत्रच बिघडलंय मेलं! सुटलास तू," ती म्हणाली.

भावानं समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. धसका घेतलाय बिचाऱ्यानं, तिला वाटलं. गोदाम येईपर्यंत ती एकटीच बडबडत राहिली.

वर येऊन तिनं घाईघाईनं त्या फेरीची नोंद उघडली.

कालव्यापाशी थांबा, अकरा मिनिटं. शेजारच्या सीटचा पट्टा सुटला. दार उघडलं, बंद झालं. तिथून गोदामापर्यंत ती सीट रिकामी.

काहीतरीच काय! तिनं पुन्हा वाचलं.

भाऊ दारात आला. त्यानं खोलीभर नजर फिरवली. "ताई?"

"अरे, ही काय इथे!"

त्यानं फोन काढून कानाला लावला. तिचा फोन टेबलावरच होता. तो वाजला नाही.

"हॅलो, ताई? अगं, अजून तिथेच उभी?" त्याचा चेहरा खुलला. "हलू नकोस हं. आलोच घ्यायला."

ती ओरडली, जिन्यापर्यंत धावली. तो शीळ घालत उतरून गेला.

पडद्यावर त्याची गाडी कालव्यापाशी थांबली.

ती मिनिटं मोजत बसली.

अकरा झाली. गाडी गोदामाकडे निघाली. दोन्ही सीट रिकाम्या होत्या.