जागेवरची खडखड

साबणमिस्त्रीला हे नाव उगाच पडलं नव्हतं. सगळा जन्म गाड्यांच्या पोटाखाली गेला, पण घाणीची सवय काही लागली नाही. प्रत्येक गाडीनंतर तो कोपरापर्यंत हात धुवायचा, नखं ब्रशने घासायचा आणि वर त्याच हातांचा वास घेऊन नाक मुरडायचा. लोकांच्या सीटखाली काय काय सापडतं ते तो सांगायला लागला, की ऐकणारा हातातला घास खाली ठेवायचा. बुरशी आलेला पाव, केसांचे गुंते, चघळून चिकटवलेलं च्युइंगगम. "माणसं गाडी नाही, उकिरडा चालवतात," असं त्याचं ठाम मत होतं.

मुलीची गाडी दारात आली तेव्हा म्हणूनच त्याला बरं वाटलं. ती शाळेत शिकवायची आणि स्वच्छतेत थेट बापावर गेली होती.

"बाबा, जागेवर चालू ठेवली की खडखडते. रेस दिली की गप्प. सिग्नलला लोक वळून बघतात हो!"

"सायलेन्सरवरचा पत्रा सुटला असेल. तू चहा घे, तेवढ्यात काढतो."

ती काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसली आणि आईला फोन लावला. मिस्त्रीने इंजिन चालू केलं. त्याची पद्धत ठरलेली होती. एकेका संशयिताचं तोंड बंद करायचं आणि ऐकायचं. पत्रा लाकडाने दाबून धरला, खडखड चालूच. पट्टा काढून पाहिला, तरी चालूच. मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

आवाज खालून, ऑइलच्या चेंबरमधून येत होता. पण लोखंडाचा आवाज फेऱ्याबरोबर सारखा येतो. हा मध्येच घाईने यायचा, मध्येच थांबायचा. शिवाय त्यात काहीतरी ओलं होतं. मिस्त्रीने कान बाजूला घेतला आणि फडक्याने खसाखसा पुसला.

त्याने सहज केबिनकडे पाहिलं. मुलगी बोलत होती, खडखड चालू होती. ती आईचं ऐकायला थांबली, खडखड थांबली. ती "हो ना गं!" म्हणून हसली आणि खडखड पुन्हा सुरू झाली.

योगायोग, तो स्वतःशीच म्हणाला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

ऑइल काढून त्याने चेंबरचे बोल्ट सोडले. चेंबर खाली येताच वास आला. जळक्या ऑइलचा वास त्याच्या ओळखीचा होता. हा वास सकाळच्या न धुतलेल्या तोंडाचा होता, आजाऱ्याच्या उशाशी येतो तसा. तळाशी काळा, बुळबुळीत गाळ बसला होता आणि गाळात दात होते.

माणसाचे दात. मुळांसकट. काहींना गुलाबी मांस चिकटलेलं होतं, आणि इंजिनाच्या त्या उष्णतेत ते शिजलंही नव्हतं. मिस्त्रीने नाकाला फडकं बांधलं. त्याने चिमट्याने एकेक दात उचलून ट्रेमध्ये टाकला. एका दाढेत चांदी भरलेली होती. मुलगी लहान असताना तिची दाढ अशीच भरून आणली होती. तेव्हा तिचे हात त्यानेच धरून ठेवले होते.

त्याने झटकन केबिनकडे पाहिलं. ती हसत होती. तिचे सगळे दात जागच्या जागी होते.

"भलतंच," तो म्हणाला. ट्रे त्याने पायाने बाकाखाली सारला. चेंबर डिझेलने तीन-तीनदा धुतलं, नवं पॅकिंग लावलं, नवं ऑइल भरलं आणि गाडी चालू केली.

इंजिन लोण्यासारखं चालू लागलं.

केबिनमधला आवाज बंद झाला होता. मुलीच्या हातातून फोन सुटला होता. तिचे गाल आत गेले होते, ओठ म्हातारीसारखे मिटले होते आणि हनुवटीवरून लाळ ओघळत होती. ती काचेतून त्याच्याकडे बघून काहीतरी सांगू पाहत होती.

मिस्त्रीने गाडी बंद केली. हातमोजे घालायलाही तो थांबला नाही. चेंबर पुन्हा उतरवलं आणि बाकाखालच्या ट्रेमधले दात उघड्या हातांनी ओंजळीत घेतले. ते कोमट होते. त्याने सगळे आत टाकले, बोल्ट आवळले, ऑइल ओतलं आणि किल्ली फिरवली.

खडखड सुरू झाली. केबिनमध्ये मुलगी खोकली.

"चहाने तोंडच पोळलं वाटतं," बाहेर येत ती म्हणाली. "जीभ वळेना मेली! आणि हे काय, आवाज तसाच?"

"तसाच राहू दे. कोणाला हात लावू द्यायचा नाही."

"का पण?"

काय सांगणार होता? पोरीने बापाला वेड्यात काढलं असतं. "मी सांगतो म्हणून," एवढंच तो म्हणाला.

"गावाच्या गाड्या दुरुस्त करता, आणि पोरीच्या गाडीचा आवाज निघत नाही!" ती फणकारून निघून गेली. मिस्त्री हात धूत राहिला. साबण संपला, वास गेला नाही.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, तिच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे कोणी अनोळखी पुरुष होता.

"काका, मी बाजारातल्या गॅरेजमधून बोलतोय. मॅडमनी हा नंबर दाखवला म्हणून लावला. त्या स्वतः काही बोलतच नाहीयेत."

"गाडीचं काय केलंत?" मिस्त्रीने विचारलं.

"गाडी एकदम ओके आहे. चेंबरमध्ये इतकी घाण होती म्हणून सांगू! बघवेना हो."

"कुठे टाकली?"

"गटारात. पाणी मारून घालवली सगळी. का हो?"

फोनमध्ये, त्या माणसाच्या मागे, इंजिन जागेवर चालू असलेलं ऐकू येत होतं. जराही खडखड नव्हती.