जोतीरामच्या पाठीमागं

बसा रं जवळ. आन तो मोबाईल खाली ठेव गड्या, मला मदी खंड चालत न्हाई. ह्ये कुना ऐऱ्यागैऱ्याचं न्हाई, माझ्या सख्ख्या पुतनीचं, क्रांतीचं हाय. इस्लामपुरात डाक्टर हाय ती.

गेल्या पौषातली अवस. रात्रीचं साडेअकरा. ड्युटी संपवून पोरगी घराकडं निघाली, तवर वाळव्याकडच्या वस्तीवरनं जोतीरामआबांच्या पोराचा, उदयसिंहाचा फोन. "ताई, आबांना लय दम लागलाय. अँबुलन्स उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलीया." ही तशीच वळली. पर्समदी सोनोग्राफीचं हातातलं यंत्र व्हतं, मोबाईलला जोडायचं. ह्यो दमा का हृदय, ते त्याच्यावर जाग्यावरच कळतं. चुकीचं औषध गेलं तर मानूस हातचा जायाचा, म्हनून वाटभर तिचा जीव थाऱ्यावर न्हवता.

वस्तीवर लाईट न्हवती. दार सताड उघडं. समईपाशी जमिनीवर घोंगडं टाकल्यालं. आपल्यात मरनाऱ्याला तसं खाली घेत्यात. पन जोतीरामआबा बसल्यालं व्हतं. मागं एक म्हातारी, त्यास्नी पाठीला दोनी हात लावून धरल्याली.

"बरं केलंत मावशी. आडवं केलं असतं तर गुदमरलं असतं."



क्रांतीनं छातीवर यंत्र टेकवलं. पडद्यावर वरनं खाली पांढऱ्याफेक रेघा. फुफ्फुसात पानी! हृदय तर थकल्या बैलावानी, वडतंय न वडतंय. दमा न्हवं ह्यो. तिनं लगोलग पर्समदलं इंजेक्शन दिलं, आन पाठ बघाय मागं वळली. यंत्राची जेली पाठीला लावली.

"मावशी, हात जरा बाजूला..."

हात हलंना.

तिनं यंत्र तसंच सरकवलं. त्या हातावरनं गेलं. पडदा काळा झाला. यंत्र नुसतं हवेत धरल्यावर व्हतो, तसा.

पाठीवर आनलं. रेघा. हातावर. काळं.

तिला मान वर करवंना...

तेवढ्यात दारात उदयसिंह. धापा टाकत, हातात बॅटरी. "ताई, कॅनॉलच्या वाटंनं आलात व्हय? मी फाट्यावर वाट बघतोय!" आन थबकला. "आबास्नी बसवलं कुनी?"

"मावशीनी धरलंय की."

"कुन मावशी? घरात कुनीच न्हाई. मी त्यास्नी आडवं करून गेल्तो. मला वाटलं, सपलं..."

बॅटरीचा उजेड फिरला.

मागं कुनी न्हवतं.

आबा मागं रेलल्यालं. तसंच. आधाराबिगर. पडत न्हवतं.

डोळं मिटूनच पुटपुटलं, "सोडू नगंस, बनू..."

बनू म्हंजे बनुबाई, उदयसिंहाची आई. तिला जाऊन तीन वर्सं झाली. "जित्या बापाला मी आडवं केलं की ओ ताई!" म्हनून ढसाढसा रडला. क्रांतीनं सरकून आबांना आपल्या खांद्यावर घेतलं, अँबुलन्स येस्तवर.

जोतीराम वाचला रं. आजबी पारावर भेटल तुमास्नी.

पन दवाखान्यात सकाळी सिस्टर त्याची पाठ पुसाय लागली. जेलीत दोन पंजे उमटल्यालं. बारीक बोटांचं, बाईमानसाचं. तिनं ओल्या फडक्यानं घासून काढलं. क्रांती तिथंच हुबी.

जेली निघाली... पंजे ऱ्हायलं.